लाईट असेपर्यंत तुमच्या

श्यामरावांच्या घरी एअरकंडिशनर बसला, ही बातमी दिगंबरने भात कालवता कालवता दिली. शकुन वरण वाढत होती. डाव वाटीऐवजी ताटाच्या कडेवर आपटला आणि वरण पाटापर्यंत ओघळलं.

"कंपनीने दिला," तो म्हणाला. त्याला ओघळलेलं वरण दिसलं नाही आणि बायकोचं तोंडही दिसलं नाही. "दादाला बढती मिळाली ना, त्यातच. झोपायच्या खोलीत बसवलाय, खिडकीत. वहिनी म्हणते, दार लावलं की आत दार्जिलिंग."

शकुनने दार्जिलिंग पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन ती दोघं आणि सासूबाई कलकत्त्याला आली, तेव्हा सुट्टी मिळाली की दार्जिलिंगला जाऊ असं दिगंबरने कबूल केलं होतं. तो फोर्ट विल्यममध्ये लष्कराचे हिशेब तपासायचा. त्याला सुट्टी मिळायची ती ताप आल्यावर. आणि इकडे जाऊबाईंनी आख्खं दार्जिलिंग खिडकीत टांगून घेतलं होतं.

हेवा कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ही गोष्ट इथेच ठेवून द्यावी. आपल्या लोकांत तसा कोणी कोणाचा हेवा करत नाही. सगळे "छान झालं हो" म्हणतात आणि घरी जाऊन भांडी आपटतात. शकुनही म्हणाली, छान झालं. मग तिने फडकं घेतलं आणि पाट इतका घासला की त्याचा रंग निघाला.

आतल्या खाटेवरून सासूबाईंनी विचारलं, "काय बसवलं म्हणतोस रे दिगू?"

"यंत्र, आई. खोली गार करतं. हवा कोरडी करतं."

"कोरडी करतं?" म्हातारीला दमा होता. नागपूरला तो वर्षातून एकदा, थंडीत यायचा. कलकत्त्यात त्याने बिऱ्हाडच केलं होतं. "मग बरं असेल ते छातीला."

एवढंच बोलली ती. पण शकुनच्या हातातलं फडकं थांबलं.

कारण शकुनकडे दुसरं काही नव्हतं. मुलगा श्रीकांत शाळेसाठी नागपूरला मामाकडे. डमडममधल्या दोन खोल्या, त्या तळमजल्यावर, समोर डबकं. प्रेमलतावहिनीकडे भवानीपूरचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, फोन, दाराशी कंपनीची गाडी. प्रेमलता कलकत्त्यातच जन्मलेली, तिच्या आजोबांपासूनचे ते इथले. मासळीवाल्याशी बंगालीत हुज्जत घालायची आणि नवऱ्याच्या साहेबाशी इंग्रजीत हसायची. शकुनला धड हिंदीही येत नव्हतं. पण सासू शकुनकडे होती. लग्न झाल्यापासून होती. श्यामराव ऐन विशीत कलकत्त्याला निघून गेले, म्हातारीचं सगळं शकुनने केलं. महाराष्ट्र मंडळात बायका एकमेकींना सांगत, सून असावी तर दिगंबरच्या बायकोसारखी. ते ऐकताना प्रेमलता हातातल्या बांगड्या मागेपुढे करत बसायची, आणि शकुनला त्या बांगड्यांचा आवाज फार गोड लागायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मंडळाला माहीत नव्हती. दम्याची उबळ आली की शकुन सासूबाईंच्या पाठीला कापराचं तेल चोळत बसे. श्वास जागेवर आला की म्हातारी वळायची, दोन्ही हात शकुनच्या तोंडावरून फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर टेकवून कडाकडा बोटं मोडायची. दृष्ट काढायची. पोटच्या पोरांची तिने कधी काढली नव्हती. त्या कडकड आवाजावर शकुन वर्षानुवर्षं राबत होती.

आता खिडकीतलं एक खोकं तो आवाज पळवणार होतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या वर्षी प्रेमलतेने केलं. साल चौऱ्याहत्तर. चैत्र संपत आला होता आणि कलकत्ता घामाने चिकट झाला होता. शकुन सासूबाईंना घेऊन भवानीपूरला पोचली तेव्हा तिचं पोलकं पाठीला घट्ट बसलं होतं आणि कपाळावरचं कुंकू भुवयांपर्यंत उतरलं होतं. इमारतीखाली फुटपाथ ओला होता. वर बघितलं तर वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून यंत्राचा पार्श्वभाग बाहेर आलेला, आणि त्यातून टपटप पाणी.

वर गेल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हेच. "वहिनी, तुमचं यंत्र गळतंय हो. नवं ना?"

प्रेमलता हसली. "गळत नाही गं. ते हवेतलं पाणी. यंत्र ते ओढून बाहेर टाकतं, म्हणून तर आत बरं वाटतं."

"हवेत पाणी असतं तर नागपूरला नळ कशाला घातले असते," शकुन म्हणाली. दोघीतिघी हसल्या. शकुनला वाटलं, जिंकले.

जिंकली कसली. बाहेरच्या खोलीत गौर सजवून मांडली होती, पुढे कलिंगड, हरभरे, करंज्या. गौर तिथे एकटी घाम गाळत बसली आणि झाडून सगळ्या बायका झोपायच्या खोलीत यंत्राच्या तोंडाशी. पन्ह्याचे पेले आत, आंब्याच्या डाळीच्या वाट्या आत. कोणी म्हणून उठेना. गौरीला नमस्कार करायला जायचं तर बायका दार किलकिलं करून जायच्या आणि देवीला काय मागायचं ते घाईने मागून परत आत पळायच्या. शकुनही पळाली. खोटं कशाला बोला, त्या थंड हवेत पाय टाकताच तिच्या अंगावर सुखाचा काटा आला, आणि तो काटा प्रेमलतेच्या घरचा म्हणून तिला स्वतःच्या कातडीचाच राग आला.

सासूबाईंना पलंगावर बसवलं होतं. थोड्या वेळाने त्या आडव्या झाल्या. मग झोपल्या. बायकांच्या कलकलाटात म्हातारी ढाराढूर झोपली. शकुनचा कान सवयीने तिच्या छातीकडे होता. तिथून नेहमी येणारी ती शिट्टी येत नव्हती. कुठेतरी अडकलेलं दार कोणी तेल घालून मोकळं करावं तसा श्वास चालला होता.

बँकेतल्या जोशांची सरला म्हणाली, "प्रेमलताबाई, सासूबाईंना इथेच ठेवून घ्या की उन्हाळाभर. बघा कशा झोपल्यात."

"मी कधीची म्हणतेय," प्रेमलता म्हणाली. "शकुनने सोडलं तर ना."

सगळ्या शकुनकडे बघायला लागल्या. आणि शकुनच्या तोंडून, तिला स्वतःला ठाऊक व्हायच्या आत, निघून गेलं, "त्याची काही गरज नाही. नागपूरहून माझा कूलर येतोय. आईंसाठीच मागवलाय."

तिने मागवला नव्हता. तिला तो त्या क्षणी सुचला. पण सुचल्यावर तिचा इतका विश्वास बसला की बस. नागपूरच्या माणसाला कूलरबद्दल काय वाटतं ते नागपुरात वैशाख काढल्याशिवाय कळायचं नाही. लोखंडी पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाणी, मधे पंखा. बाहेर कावळे झाडावरून टपकतात आणि कूलरपुढे माणूस पांघरूण मागतो. नागपूरकराला सांगा की जगात कूलर चालत नाही असं एक गाव आहे, तो म्हणेल की मग त्या गावातल्या लोकांना तो लावता येत नसेल.

प्रेमलतेचं हसू गेलं. ती जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शकुन, इथे कूलर चालत नाही गं. माझ्या काकांनी आणला होता एकदा. हवाच ओली आहे इथली."

शकुनने तिच्याकडे निरखून बघितलं. बघा, हिच्या पोटात दुखायला लागलं, असं तिच्या मनात आलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला गार वाटलं.

भाऊ शशिकांतने माळ्यावरचा जुना कूलर उतरवला, नवा रंग दिला, नव्या ताट्या बसवल्या आणि मालगाडीने रवाना केला. रेल्वेचा संप होणार होणार म्हणत होते, त्याच्या जेमतेम आधी तो हावड्याला पोचला. डमडमच्या गल्लीतून हातगाडीवर तो हिरवा डबा येत होता तेव्हा शकुन दारात अशी उभी होती, जशी काय वरात येतेय. शेजारपाजारची बंगाली मंडळी बघायला जमली. त्यांना वाटलं, कोंबड्यांचं खुराडं असेल.

खिडकीत डबा बसला. शकुनने बादल्यांनी पाणी ओतलं. पंखा घुमायला लागला आणि वाळ्याचा वास घरभर पसरला. त्या वासाने सासूबाई उठून बसल्या. त्यांनी डोळे मिटले, छातीभर श्वास ओढला आणि म्हणाल्या, "धरमपेठेतलं आपलं नागपूरचं घर आलं गं इथे."

शकुनला रडू फुटलं. त्या संध्याकाळी तिने गोड शिरा केला.

नागपूरला कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवतात. पण इथे खिडकी उघडली की डबक्याचा वास, आणि प्रेमलतेचं यंत्र दार लावून चालतं हे शकुनने पाहिलेलं. तिने दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. गारवा पळू नये म्हणून दाराच्या फटीत जुनी साडी कोंबली. दुसऱ्या दिवशी अंथरूण ओलसर लागलं. तिसऱ्या दिवशी मिठाच्या बरणीत पाणी. पापड हातात धरले की चामड्यासारखे वाकत. काडी पेटीला घासली की गुलच निघून हातात यायचा. नागपूरला कूलरपुढे ओली साडी टाकली तर पोळ्या लाटून होईपर्यंत वाळायची. शकुनने इथे साडी टाकली, ती सकाळी होती तशीच संध्याकाळी, उलट तिला कुबट वास मारायला लागला. भिंतीवर खाटेच्या मागे काळे ठिपके उमटले.

हे सगळं शकुनला दिसत होतं. ती आंधळी नव्हती की मूर्ख नव्हती. बरणीतलं मीठ तिने गुपचूप तव्यावर परतलं, पापड डब्यात लपवले, भिंत दिगंबर ऑफिसात गेल्यावर पुसली. साडीकडे बघता बघता तिला भवानीपूरच्या फुटपाथवरचं ते टपटप पाणी आठवलं. वहिनी हवेतून पाणी काढतात आणि आपण हवेत पाणी ओततोय. हे तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. आणि तिने बादली उचलली आणि आणखी पाणी ओतलं.

का ओतलं, असं कोणी विचारेल. ज्याने आयुष्यात कधी भर पंगतीत शेखी मारली आहे त्याला विचारायची गरज नाही. डबा बंद करणं म्हणजे प्रेमलतेचं "मी म्हटलं होतं ना" ऐकणं. ते ऐकण्यापेक्षा शकुनने मीठ परतलं असतं, सगळ्या कलकत्त्याचं मीठ परतलं असतं.

सासूबाई खोकायला लागल्या. आधी पहाटे, मग दिवसभर. दिगंबर एकदा म्हणाला की आईला हे बाधतंय बहुतेक, बंद करून बघूया. शकुन त्याच्यावर अशी उसळली की तो चहाचा कप घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. त्याच्या आईला बारा वर्षं कोणी सांभाळलं, वहिनीची कड घ्यायची असेल तर भवानीपूरलाच राहायला जा, असं बरंच काही ती बोलली. मग आत जाऊन तिने सासूबाईंना विचारलं, बरं वाटतंय ना आई? म्हातारीने मान हलवली. हो म्हणून हलवली. दर वेळी हो म्हणूनच हलवली. पण तेल चोळून झाल्यावर तिचे हात आता वर यायचे नाहीत. दमलेले असायचे, तसेच मांडीवर पडून राहायचे.

वैशाखातल्या एका दुपारी म्हातारी खाटेवर बसल्या बसल्या वाकली आणि तिचा श्वास आतच राहिला. ओठ जांभळे झाले. शकुन धावत वरच्या बिऱ्हाडात गेली, तिथून डॉक्टरला निरोप गेला, दिगंबरच्या ऑफिसात फोन गेला. डॉक्टर म्हातारा बंगाली होता. त्याने सुई टोचली, श्वास परत येईतो थांबला, मग त्या गच्च खोलीकडे, घाम सुटलेल्या भिंतींकडे, खिडकीतल्या डब्याकडे बघितलं. त्याने मोडक्या हिंदीत विचारलं की या खोलीत तुम्ही माणूस ठेवलाय की भात शिजवताय.

संध्याकाळी टॅक्सी आली. दिगंबरने आईला उचलून टॅक्सीत ठेवलं आणि भवानीपूरला नेलं. जाताना त्याने शकुनला बरोबर ये म्हटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शकुन रिकाम्या खाटेवर बसली. डबा गुरगुरत होता. तिने तो बंद केला नाही. पाणी संपून ताट्या कोरड्या पडल्या, पंखा नुसता फडफडत राहिला, तरी तिने तो बंद केला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते तिलाच माहीत. दिगंबर रोज ऑफिसातून भवानीपूरला जाऊन घरी यायचा आणि सांगायचा. आई बरी आहे. आईने आज पोळी खाल्ली. आई आज गॅलरीपर्यंत चालली. चांगली बातमी ऐकून कोणाच्या काळजात सुरी फिरते? शकुनच्या फिरायची. म्हातारी बरी व्हावी म्हणून ती देवापुढे दिवा लावायची आणि तिथे बरी होऊ नये असंही त्याच दिव्यापुढे तिच्या मनात यायचं. दोन्ही खरं होतं. देवाने काय ते निस्तरावं.

तिला एकाच गोष्टीचा आधार होता, लोडशेडिंगचा. त्या वर्षी कलकत्त्यात लाईट असली तर नवल अशी दशा होती. आज या भागात, उद्या त्या भागात, तास दोन तास सगळं ठप्प. शहर वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं आणि शकुन दिगंबरला सहज विचारल्यासारखं विचारायची, भवानीपूरला लाईट कधी जाते हो? जेवणं झाल्यावर, दुपारी, असं त्याने एकदा सांगितलं. मग रोज दुपारी डमडममध्ये भांडी घासता घासता तिच्या डोळ्यांपुढे ते यंत्र बंद पडायचं. त्या खोलीची खिडकी यंत्रासाठी फळ्या ठोकून बुजवलेली. वारा यायला जागा नाही. आता बसा म्हणावं दार्जिलिंगात. आता कळेल आईंना, सून कशाला म्हणतात.

शेवटी तिने ठरवलं, दुपारीच जायचं. यंत्र मेलेलं असताना जायचं, म्हातारी घामाने निथळत असताना जायचं, आणि तिला घरी घेऊन यायचं. बसने एस्प्लनेड, तिथून ट्राम. ट्रामच्या बाकावर तिने मनातल्या मनात वाक्यं तयार केली. शेवटचं वाक्य होतं, "यंत्राने सासू सांभाळता येत नाही, वहिनी." ते तिने भवानीपूर येईपर्यंत घोळवलं.

फुटपाथ कोरडा होता. टपटप बंद. तिला उकळ्या फुटल्या. ती जिने चढून वर गेली. दार उघडंच होतं, वाऱ्यासाठी उघडं ठेवलेलं.

खाट त्या बंद खोलीत नव्हती. ओढून बाहेर गॅलरीच्या दाराशी आणली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आणि खाली जमिनीवर, पदर कमरेला खोचून, प्रेमलता बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, भारी साडीचा पार बोळा झालेला. हातात ताडाचा पंखा. ती सावकाश, एका लयीत वारा घालत होती, अशी की घालणाऱ्याचा हात भरून येतो पण घेणाऱ्याची झोप मोडत नाही. पंखा या हातातून त्या हातात गेला तेव्हा शकुनला तिचा तळवा दिसला. फोड आलेले.

मग शकुनच्या देखत सासूबाई पुढे वाकल्या. त्यांनी दोन्ही हात प्रेमलतेच्या तोंडावरून फिरवले, आपल्या कानशिलांशी नेले, आणि कडाकडा बोटं मोडली.

ट्राममधली सगळी वाक्यं शकुनच्या तोंडातच विरघळली. यंत्राचा हेवा करणं सोपं होतं. यंत्र कंपनीचं होतं, विजेचं होतं. ते बंद पडलं की दोघी जावा सारख्या, अशी तिची समजूत होती. आणि इथे यंत्र बंद होतं, आणि हे चाललं होतं.

ती पुढे झाली आणि तिने प्रेमलतेच्या हातातला पंखा धरला. "द्या इकडे. तुमचा हात भरला असेल."

प्रेमलतेने पंखा सोडला नाही. "नाही भरला."

"द्या म्हणते ना."

"शकुन, बस आधी. पाणी पी. उन्हाची आलीस."

दोघी बायका, चाळिशीकडे झुकलेल्या, एक ताडाचा पंखा दोन बाजूंनी ओढत उभ्या राहिल्या. पंख्याच्या दांडीने करकर आवाज केला.

"तो मोडाल आता," सासूबाई म्हणाल्या. "मग मी कशाचा वारा घेऊ?"

शकुन वळली. "आई, मी तुम्हाला न्यायला आलेय."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग तिने जे इतके दिवस मान हलवून गिळलं होतं ते बोलून टाकलं. "त्या डब्यात? नाही यायची मी. त्याने मला मारलंच होतं, शकुन. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्यासाठी आणलास असं वाटलं. मग कळलं की हिच्यासाठी आणलास." त्यांनी प्रेमलतेकडे हनुवटी केली. "तरी बोलले नाही. म्हटलं, पोरीने कष्ट केलेत. पण मरायचं म्हणजे जरा जास्तच होतं गं."

पंख्याची दांडी शकुनच्या मुठीत तशीच राहिली. बाहेर रस्त्यावर मेट्रोसाठी खणलेल्या मातीचा ढीग तापून धुरळा उडत होता. मग प्रेमलता बोलली, आणि तिचा आवाज शकुनने कधी ऐकला नव्हता असा निघाला.

"बारा वर्षं तूच केलंस. मंडळात उठता बसता तुझं नाव. माझ्या तोंडावर. मी कधी दोन दिवस न्यायचं म्हटलं की आईंना इथलं पाणी सोसत नाही, आईंना तिखट चालत नाही. मला एक उन्हाळा मिळाला, शकुन. एक."

म्हणजे इकडेही तेच शिजत होतं. गाडीवाली, फोनवाली, दार्जिलिंगवाली बाई मंडळात बांगड्या मागेपुढे करत बसायची तेव्हा हेच गिळत होती. शकुनला हे कळून दया आली असेल असं कोणाला वाटेल. नाही आली. तिला फक्त एवढं कळलं की ही बाई पंखा सहजी सोडणार नाही. बरोबरीच्या माणसाशी सौदा करावा लागतो.

"उन्हाळाभर राहू द्या त्यांना," ती म्हणाली. "पण लाईट असेपर्यंत तुमच्या. लाईट गेली की माझ्या."

प्रेमलतेला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की ही थट्टा नव्हे. "रोज येणार डमडमहून? या उन्हात?"

"रोज."

"आणि मी काय करू तेवढा वेळ?"

"हाताला मलम लावा."

"माझी वाटणी करताय, तर मला विचारा तरी," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. पंखा कोणाच्या हातात जातो ते त्या बघत राहिल्या. प्रेमलतेची बोटं एकेक करून सुटली.

त्या दिवसापासून शकुन रोज दुपारी भवानीपूरला जायला लागली. डब्यातल्या ताट्या तिने काढून टाकल्या आणि डब्यात कोळसे भरले. खिडकी उघडी टाकली. डबक्याचा वास आला तर आला. ती जायची आणि जिन्याशी उभी राहून लाईट जायची वाट बघायची. उगाच आधी आत गेलं तर तो प्रेमलतेचा वेळ. यंत्राचा घुर्र आवाज थांबला की ती चटचट वर चढायची, प्रेमलता दार उघडून बाजूला व्हायची, खाट बाहेर ओढायला हात लावायची आणि आत निघून जायची. एखाद्या दिवशी लाईट जायचीच नाही. मग शकुन फुटपाथवर यंत्राचं टपटप ऐकत उभी राहायची आणि तशीच परत ट्राममध्ये बसायची. सगळ्या कलकत्त्यात लाईट जावी म्हणून देवाला साकडं घालणारी ती एकटीच बाई असेल.

सासूबाई तिच्याशी बोलायच्या, श्रीकांतची विचारपूस करायच्या, पाणी मागायच्या. पण हात मांडीवरच.

ज्येष्ठ लागायच्या सुमाराला एका दुपारी वायव्येकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. शकुन नुकतीच पंखा घेऊन बसली होती. वारा एकदम पडला, कावळे गप्प झाले, आणि मग धुळीचा लोट उठून कालबैशाखी, इकडचं उन्हाळी वादळ, शहरावर कोसळली. गॅलरीत गारा ताडताड उडायला लागल्या. खालच्या रस्त्यावर कुठेतरी झाड मोडून तारांवर पडल्याचा आवाज आला. प्रेमलता आतून धावत आली, दोघींनी मिळून खाट मागे ओढली. मग प्रेमलता गॅलरीच्या दाराशी जरा थांबली, पावसाकडे बघितलं, शकुनच्या हातातल्या पंख्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. करार म्हणजे करार.

आता पंख्याची गरज नव्हती. गार, धुतलेला वारा सरळ म्हातारीच्या अंगावर येत होता. तिने डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. शिट्टी नाही, अडथळा नाही. शकुन तरीही पंखा हलवत राहिली. तारा तुटल्या होत्या, लाईट लवकर येणार नव्हती. संध्याकाळ झाली, गल्लीत अंधार पडला, तरी आली नाही. इतका वेळ तिला कधीच मिळाला नव्हता.

"ठेव आता तो," अंधारातून सासूबाई म्हणाल्या. "वारा आहे की."

"असू दे."

"हेकट आहेस."

"आहे."

मग खाट करकरली. म्हातारी पुढे वाकली होती. शकुनच्या गालांना दोन खरखरीत तळवे लागले आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले. तळवे कपाळावरून खाली आले, हनुवटीपर्यंत, आणि निघाले.

त्याच क्षणी लाईट आली. आत यंत्र घुरघुरलं, आणि साऱ्या गल्लीतून, घराघरांतून, पोरांचा आणि मोठ्यांचा आनंदाचा एकच गलका उठला, जसा कलकत्त्यात लाईट आली की उठतो. प्रेमलतेची पावलं दाराकडे यायला लागली.

बोटं मोडली की नाही, ते त्या गलक्यात शकुनला ऐकूच आलं नाही.